सनरूफच्या शेडचं कापड लोंबतंय? गोंदाला हात लावण्याआधी हे तपासा

शेड म्हणजे सनरूफच्या काचेखाली पुढे-मागे सरकणारी, ऊन अडवणारी कापड लावलेली पाटी. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचा त्रास हाच आहे का ते पडताळता येईल.

शेड बंद केली की मधोमध कापडाचा फुगा लोंबतो. सुरुवातीला तो तळहाताएवढा असतो, एका उन्हाळ्यात ताटाएवढा होतो. बोटाने दाबला तर कापडामागे बारीक रवा भरल्यासारखं करकरतं. सीटवर, खांद्यावर, केसांत पिवळी-विटकरी भुकटी पडते आणि झटकायला गेलं की कपड्याला चिकटते. शेड मागे सरकवताना अर्ध्यात अडते, दोन्ही हात लावावे लागतात. पुढे ओढली की कापडाची घडी पडून बाहेर येते. खड्ड्यातून जाताना डोक्यावर कटकट वाजतं. काही गाड्यांत शेडच्या कोपऱ्याला चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग असतो. तो दिसला तर कापडाचा विचार बाजूला ठेवा आणि खाली पाण्याबद्दल लिहिलंय ते पहिलं वाचा.

फुगा, करकर आणि भुकटी ही कापडामागचा फोम गेल्याची खूण. अडणं आणि वाजणं बहुतेक वेळा चॅनल (शेड ज्या खाचेतून सरकते ती) किंवा क्लिपांमुळे असतं. डाग हा पाण्याचा. दहा वर्षांच्या आसपासच्या गाडीत यातल्या दोन गोष्टी एकत्र सापडतात, म्हणून एकच सापडली की तपासणी थांबवू नका.

मी हे काम पहिल्यांदा केलं ते नाइलाजाने. मे २०१८ मध्ये चिपळूणहून पनवेलला येताना कशेडी घाटात आमच्या सेडानच्या शेडचं कापड पुढच्या बाजूने सुटलं. खिडक्या उघड्या होत्या. वाऱ्याने कापड फुगलं आणि आतल्या आरशासमोर लोंबायला लागलं. मागून येणारा ट्रक दिसेनासा झाला. शेजारी बसलेल्या आईने दोन्ही हातांनी ते वर धरून ठेवलं आणि पोलादपूर येईपर्यंत तशीच बसली. उतरली तेव्हा तिच्या पांढऱ्या केसांवर, भुवयांवर विटकरी भुकटीचा थर होता आणि डोळे चुरचुरत होते. त्यानंतर माझी, शेजारच्या काकांची, ऑफिसातल्या मित्रांची अशा अकरा शेड मी काढून नव्याने मढवल्या. त्यातल्या पहिल्या दोन पुन्हा सुटल्या, आणि सुटण्याचं कारण दोन्ही वेळा एकच होतं. ते कळल्यावर पुढच्या नऊ आजवर टिकल्या आहेत.

कारण असं. शेड म्हणजे एक पातळ कडक पाटी. कधी दाबलेल्या लगद्याची, कधी प्लॅस्टिकची. तिच्यावर छताला असतं तसंच विणलेलं कापड असतं आणि कापडाच्या मागे सुमारे तीन मिलिमीटरचा पॉलियुरेथेनचा फोम चिकटवलेला असतो. गोंद पाटीला फोम धरून ठेवतो, आणि फोम कापडाला. उष्णता आणि दमट हवा मिळून या फोमची आतली वीण तुटत जाते आणि त्याचा भुगा होतो. बाकीच्या छताला वरून पत्रा तरी असतो. सनरूफखाली काच असते, तीतून ऊन थेट शेडच्या पाठीवर पडतं आणि काच व शेड यांच्यामधली हवा कोंडून तापते. म्हणून छताचं कापड धड असतानाही शेडचं आधी सुटतं. कोकणातल्या, मुंबईतल्या गाड्यांना उष्णता आणि दमटपणा दोन्ही मिळतात. विदर्भातल्या कोरड्या हवेतल्या गाडीत हाच त्रास जरा उशिरा आलेला मी पाहिला, पण आला.

म्हणजे कापड चांगलं असतं, गोंदही बहुतेक वेळा चांगला असतो, मधला फोम मेलेला असतो. हे पटलं की पुढचं सगळं सोपं आहे, कारण नव्या गोंदाला धरायला भुकटी चालत नाही.

पहिली तपासणी: नुसता तळहात. खर्च शून्य.

शेड बंद करा, तळहात सपाट ठेवून कापड वर दाबा आणि हलकेच पुढे-मागे सरकवा. खाली गादीसारखं मऊ लागलं आणि कापड सरकलं नाही, तर तिथला फोम जिवंत आहे. कापड मोकळं सरकलं आणि करकरलं, तर फोम गेला. हे मधोमध, चारही कडांना आणि मुठीच्या (शेड सरकवायला बोटं घालतो त्या) खळग्याजवळ करा. मग हाच हात शेडभोवतीच्या छतावर फिरवा. छताचं कापडही करकरत असेल तर नुसती शेड करण्यात अर्थ नाही. वर्षभरात छतही उतरेल आणि तेव्हा दोन्हींचा रंग जुळणार नाही. पूर्ण छत हे घरी करायचं काम नाही, ते कुशनवाल्याचं, म्हणजे गाडीच्या सीट आणि छत मढवणाऱ्याचं.

फक्त एखादी कडा दोन बोटं सुटली असेल आणि तिथला फोम शाबूत असेल, तर तेवढीच कडा चिकटवता येते. अशी केस मला एकदाच मिळाली. बाकी ठिकाणी लोक इंजेक्शनच्या सिरिंजने कापडातून गोंद आत सोडतात. तो भुकटीत जिरतो, वर डाग उमटतो, आणि आठवड्यात फुगा परत येतो. गोल वळणाच्या पिना टोचणं हे गावाहून घरी पोहोचेपर्यंत ठीक, पण पिना लावलेली शेड मागे सरकवू नका. पिनेचं डोकं छताच्या कडेत अडकतं आणि चांगलं छत फाटतं.

दुसरी तपासणी: चॅनल. खर्च एक जुना टूथब्रश.

शेड अडते म्हणून ती काढायलाच हवी असं नसतं. सनरूफ पूर्ण उघडा, दोन्ही बाजूंच्या चॅनलमध्ये मोबाइलचा टॉर्च मारा. जुनं ग्रीस, त्यात बसलेली धूळ, वाळलेली पानं यांचा काळा चिखल दिसेल. आधी व्हॅक्यूम क्लीनरने सुटं ओढून घ्या, मग टूथब्रशने खरवडा, मग काडीला फडकं गुंडाळून पुसून काढा. शेवटी सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. शिलाई मशीनचं तेल किंवा दाराच्या बिजागऱ्यांसाठीचा स्प्रे मारू नका. तो धूळ ओढतो आणि कापडावर उडाला तर डाग निघत नाही.

यात वीस मिनिटं जातात. मेहुण्याच्या गाडीत फोम चांगला होता, अडणं फक्त चॅनलमुळे होतं, आणि त्याला एका ठिकाणी पूर्ण शेड बदलायचा सल्ला मिळाला होता. म्हणून हे आधी करा.

तिसरी तपासणी: पाणी. खर्च अर्धा पेला.

ही तपासणी लोक सर्वांत जास्त टाळतात आणि तिच्याचमुळे नवं कापड वाया जातं. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवत नाही, अडवावं अशी अपेक्षाही नसते. थोडं पाणी आत येतं, काचेखालच्या पन्हाळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीखाली निघून जातं. पुढच्या नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात, मागच्या मागल्या खांबांतून. नळी तुंबली की पन्हाळ भरते, पाणी शेडच्या आणि छताच्या कडेत मुरतं, आणि तपकिरी डाग पडतो.

गाडी सपाट जागी लावा, सनरूफ उघडा आणि पुढच्या एका कोपऱ्यातल्या भोकाशी अर्धा पेला पाणी सावकाश ओता. कुणाला तरी खाली बसवा. थोड्याच वेळात पुढच्या चाकाच्या मागल्या बाजूला किंवा दाराच्या बिजागरीजवळ पाणी टपकायला हवं. पन्हाळीत पाणी तुंबून राहिलं तर नळी बंद आहे. मग दुसरा कोपरा. गाडी गुलमोहराखाली किंवा चिंचेखाली लावणाऱ्यांकडे तर हे हमखास सापडतं. त्या झाडांची पानं इतकी बारीक की जाळीतूनही जातात आणि नळीत त्यांचा लगदा होतो.

मासे पकडायची जाड तंगूस घ्या. टोक लायटरने वितळवून गोल करा, म्हणजे नळी भोसकली जाणार नाही. हलक्या हाताने ढकलत, फिरवत न्या. अडली तर जोर करू नका, मागे घेऊन पुन्हा न्या. पंक्चरवाल्याकडची कॉम्प्रेसरची हवा मारू नका. हवेच्या दाबाने नळी वरच्या तोटीतून सुटते, आणि ती छताच्या आत सुटली की सगळं पाणी सरळ तुमच्या पायाशी येतं. ती परत बसवायला छत उतरवावं लागतं.

काचेच्या भोवती सिलिकॉन भरून पाणी थांबवणं हाही चुकीचा मार्ग. काच उघडेनाशी होते आणि पाणी दुसरीकडून वाट काढतं. नळ्या साफ केल्यावरही आत पाणी येत असेल तर थांबा आणि सनरूफचं काम करणाऱ्याला गाठा. पाणी सुरू असताना शेड मढवली तर एका पावसाळ्यात ती पुन्हा उतरेल.

चौथी तपासणी: तुमची शेड कोणत्या जातीची आहे?

हाताने सरकणारी, मुठीला खळगा असलेली कडक पाटी असेल तर पुढे वाचा. पॅनोरॅमिक सनरूफ (जवळजवळ छतभर काच) असेल आणि शेड दुकानाच्या शटरसारखी गुंडाळी होऊन मागे जात असेल, तर इथेच थांबा. ते कापड विशिष्ट ताणाने स्प्रिंगच्या किंवा मोटरच्या रुळावर गुंडाळलेलं असतं. ताण सुटला की दोन्ही बाजू एकसारख्या जात नाहीत, कापड तिरकं गुंडाळलं जातं आणि मोटर अडते. चिकटवून ते दुरुस्त होत नाही, पूर्ण संच बदलतात. गाडी वॉरंटीत असेल तर कुठल्याच जातीच्या शेडला हात लावू नका, आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

पाचवी: शेड बाहेर येते कशी?

इथून स्क्रू खोलायचे आहेत, तेव्हा मनाची तयारी हवी. काही गाड्यांत शेड काढायला छत उतरवावं लागतं. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तसं असेल तर हे काम घरी करू नका. छताच्या दोन्ही कडांना पडद्यासारख्या एअरबॅग असू शकतात, खांबांची झाकणं ओढताना त्यांच्याशी खेळ होतो. तो धोका तीनशे रुपयांच्या कापडासाठी घेण्यासारखा नाही.

मी केलेल्या लहान सनरूफच्या गाड्यांत काच वरून निघते आणि मग शेड त्या मोकळ्या जागेतून बाहेर येते. काच आतून दोन्ही बाजूंना स्टार खाचेच्या स्क्रूंनी धरलेली असते, मला बहुतेक वेळा टी-२५ मापाची बिट (स्क्रू ड्रायव्हरला लावायचं टोक) लागली. स्क्रू प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असतात आणि झाकण बोटांनी आत ओढलं की सुटतं. नेमकी बिट घ्या, घट्ट बसवा, मगच फिरवा. खाच झिजली की तो स्क्रू काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. एक स्क्रू फिरेना तर बाकीच्यांनाही हात लावू नका आणि बोलावा कुणाला तरी. मी एकदा हट्टाने पकड लावली होती. स्क्रू निघाला, पण त्याखालचा पत्रा वाकला. ती काच पुन्हा नीट बसवायला माहीतगार माणसाचा अर्धा दिवस गेला.

स्क्रू सैल करण्याआधी त्याच्या डोक्याभोवती बारीक मार्करने रेघ ओढा. भोकं लांबट असतात, काच वर-खाली आणि पुढे-मागे सरकते. ती होती तिथेच परत बसायला ही रेघ लागते. स्क्रूखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतील तर कोणत्या कोपऱ्यातून किती निघाल्या ते कागदावर लिहून चकत्या त्याच कागदात पुडी करून ठेवा. फोटो काढाच, पण पुडी जास्त कामाला येते.

काच उचलायला दोघं हवेत. एकजण आत बसून तळव्याने वर ढकलतो, दुसरा बाहेरून धरतो. काच बहुतेक वेळा कडक केलेली (टेम्पर्ड) असते. मधोमध ती बरंच सोसते, पण कडेला फरशीचा टोला बसला तर क्षणात चुरा होतो. म्हणून आधीच जमिनीवर गोधडी अंथरून ठेवा आणि काच तिच्यावर आडवी ठेवा, भिंतीला टेकवून नको. आणि काच बाहेर असताना सनरूफचा स्विच कुणीही दाबायचा नाही. दोन्ही बाजूंच्या यंत्रणा एकमेकींशी जुळलेल्या असतात, काचेविना फिरवल्या तर एक पुढे एक मागे होण्याची भीती असते. किल्ली खिशात ठेवा. लहान मुलं आसपास असतील तर हे विशेष सांभाळा.

आता शेड पुढे ओढा. तिच्या कोपऱ्यांना प्लॅस्टिकच्या छोट्या पावलांसारख्या क्लिपा असतात, त्या चॅनलमध्ये सरकतात. एका बाजूची क्लिप बोटाने आत दाबत पाटी किंचित वाकवली की ती बाजू सुटते. हे काम दुपारी करा. थंडीच्या सकाळी जुनं प्लॅस्टिक कडक असतं आणि क्लिप तुटते. तुटलीच तर घाबरू नका. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत शोधलं तर जुळणारी मिळते, फक्त तुटलेला तुकडा बरोबर न्या. पाटीलाच तडा गेला असेल किंवा पाण्याने ती फुगून वाकली असेल, तर मढवण्यात वेळ घालवू नका. स्क्रॅपमधून किंवा सर्व्हिस सेंटरमधून पाटी घ्या.

आता खरं काम. यात वेळ द्या.

जुनं कापड एका कोपऱ्यातून सावकाश सोला. अखंड निघालं तर तेच नव्याचं माप. त्याआधी मागच्या बाजूचे फोटो घ्या: कापड कुठे दुमडलंय, कुठे कडेला कापून सोडलंय. चॅनलमध्ये जाणाऱ्या बाजूंना बऱ्याच शेडमध्ये कापड दुमडलेलं नसतं, कारण तिथे जाडी चालत नाही. दुमडीच्या आतला एक तुकडा कापून खिशात ठेवा. उन्हाने न उतरलेला मूळ रंग तिथेच असतो, दुकानात रंग जुळवायला तोच न्या.

पाटीवर उरतो तो मेलेला फोम. तो सगळा निघायला हवा. माझ्या पहिल्या दोन शेड सुटल्या त्या इथे. वरवर झाडून, हाताला गुळगुळीत लागली म्हणून मी गोंद लावला. गोंद भुकटीला छान चिकटला आणि भुकटी पाटीपासून सुटली. आता मी पाटी गच्चीवर किंवा अंगणात नेतो, नाकावर चांगला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावतो आणि कडक नायलॉनच्या ब्रशने गोल गोल घासतो. मग मऊ पॉलिश पेपर, तोही हलका, नुसता मागे राहिलेला थर उठवायला. मग कोरडं फडकं. शेवटी काळ्या कापडाचा तुकडा घेऊन पाटीवरून जोर देऊन फिरवतो. काळ्यावर पिवळा ठसा उमटला तर परत ब्रश. माझा साधारण दीड तास यातच जातो, आणि बाकी सगळं मिळून एक तास.

लगद्याच्या पाटीला पाणी लावू नका, ती फुगते. तारेचा ब्रश नको, तो पाटीचे पापुद्रे उचकटतो. थिनर नको, पाटी प्लॅस्टिकची असेल तर ती विरघळायला लागते. काही फोम भुकटी न होता चिक्कीच्या पाकासारखा चिकट होतो. तो प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा लागतो, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

कापड घेताना दुकानात रूफ लायनिंगचं फोम लावलेलं कापड मागा. रुंद पन्ह्याचं मिळतं, एक मीटर पुरून उरतं. मी शेवटचं घेतलं ते तीनशे रुपये मीटर होतं. फोम मूळच्याएवढाच घ्या, तीन मिलिमीटर. जाड फोम हाताला छान लागतो म्हणून दुकानदार सुचवतो, पण तशी शेड छताखालच्या फटीत शिरत नाही. साधं पडद्याचं कापड थेट पाटीला चिकटवू नका, गोंद झिरपून वर दिसतो आणि पाटीचा प्रत्येक खड्डा उमटतो.

गोंद उष्णता सोसणारा हवा. गाडीच्या छतासाठी म्हणून मिळणारा स्प्रे सगळ्यांत सोयीचा. तो नसेल तर कुशनवाले वापरतात तो पिवळसर रबरी गोंद, दुकानात ‘एसआर’ म्हणून मागतात. लाकूडकामाचा पांढरा गोंद या कामाचा नाही, आणि हस्तकलेचा साधा स्प्रे मेच्या उन्हात सैल पडतो. रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, पाटीलाही आणि फोमलाही, पातळ आणि सगळीकडे सारखा. मग थांबायचं. बोटाच्या पाठीला चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतका सुकला की जोडायचं. उन्हाळ्यात दहा मिनिटं पुरतात. ओला असताना जोडला तर गोंदातला द्रावक (गोंद पातळ ठेवणारं, उडून जाणारं रसायन) फोम खातो आणि कापडावर डाग येतो. हा गोंद पेट घेतो आणि त्याची वाफ डोक्यात जाते. उघड्यावर करा, जवळपास देवघरातला दिवासुद्धा नको.

आणि हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर दंव धरल्यासारखी बसते, गोंद पांढरट पडतो आणि धरत नाही. नवरात्रानंतर ते मेअखेरपर्यंतचे कोरडे दिवस बघा.

कापड सगळीकडून पाच सेंटिमीटर जास्त कापा. एकदम सगळं अंथरू नका. अर्धं कापड पाटीवर जागेवर ठेवा, उरलेलं अर्धं उलटून घ्या, तेवढ्याच भागाला दोन्हीकडे गोंद लावा, आणि मधून कडेकडे तळहाताने बसवत या. मग दुसरा अर्धा भाग. ओढायचं नाही. ताणलेलं कापड आज गुळगुळीत दिसतं आणि दोन महिन्यांत खळग्यातून उठतं. मुठीच्या खळग्यात गोंदाचा जादा हात द्या, कापड आधी खळग्यात बोटांनी बसवा आणि मग आजूबाजूला पसरवा. मुठीसाठी भोक असेल तर आधी कापू नका. कापड पूर्ण बसल्यावर मधून फुलीसारखी चीर द्या आणि पाकळ्या आत दुमडा.

पुढच्या-मागच्या कडेला दुमडायच्या पट्टीवरचा फोम नखाने किंवा बोथट सुरीने सोलून काढा, नुसतं कापड दुमडा. जाडी निम्मी होते आणि शेड सुरळीत जाते. कोपऱ्यावर त्रिकोणी खाचा द्या. चॅनलमध्ये जाणारी बाजू मूळ जशी होती तशीच ठेवा. नंतर पाटी सपाट, सावलीत, २४ तास. वर पुस्तकं वगैरे वजन ठेवू नका, फोम कायमचा दबतो.

परत बसवताना उलटा क्रम. शेड आत गेल्यावर काच लावण्याआधी ती चारदा पुढे-मागे करून बघा. अडली तर आत्ताच कळलेलं बरं. काचेचे सगळे स्क्रू आधी हाताने दोन-दोन आटे, मग रेघेवर जुळवून, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे घट्ट. मनगटाचा जोर पुरे. बोट फिरवून बघा: काचेची पुढची कड छताच्या किंचित खाली किंवा समपातळीत, मागची समपातळीत किंवा केसभर वर. पुढची कड वर राहिली तर वेगात शिट्टी वाजते. रबरात कागदाची पट्टी धरून काच बंद करा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना सारखाच अडसर लागायला हवा. शेवटी बादलीभर पाणी वरून ओता, आणि दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर एक चक्कर मारून कान देऊन ऐका. बॅटरी काढली असेल तर सनरूफ आपल्या मर्यादा विसरू शकतं. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने त्या परत बसवा, त्याआधी फटीत हात घालू नका.

कुणाला कधी बोलवायचं तेही सांगतो, कारण चुकीच्या माणसाकडे गेलं तर पैसे दोनदा जातात. कापड, फोम, छत हे कुशनवाल्याचं काम. त्याला पाटी काढून नेऊन दिली तर तो थोडक्या पैशांत मढवून देतो. फक्त जुना फोम घासताना समोर उभे राहा आणि काळ्या कापडाची खूण तिथेच करा. काच सरकताना तिरकी होत असेल, एका बाजूला कटकट करून थांबत असेल, मोटर फिरते पण काच हलत नाही, स्विच दाबल्यावर फ्यूज जातो, किंवा छताच्या दिव्यापाशी ओल दिसते, तर कुशनवाल्याचा उपयोग नाही आणि तुमचाही नाही. सनरूफची यंत्रणा आणि वायरिंग जाणणारा मेकॅनिक हवा, आणि तो येईपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. काचेला बारीकसा तडा दिसला तरी वरून पारदर्शक टेप लावून गाडी सावकाश काचवाल्याकडे न्या. हायवेला घेऊ नका.

माझी स्वतःची शेड तिसऱ्या खेपेला, डिसेंबर २०१९ मध्ये, मी वर लिहिलंय तशी केली. अजून तिच्यावर तळहात फिरवला की मऊ लागतं आणि करकर येत नाही. आई गाडीत बसली की अजूनही आधी वर हात लावून बघते.